घ्यायची तर नावासकट

ती गाडी वाईट नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, गाडीतच काहीतरी खोट असणार. अजिबात नव्हती. मी ती आंबा घाटातून खाली साखरप्यापर्यंत चालवलीय आणि तशीच वर आणलीय. मागच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या हातातला चहा हिंदकळत नव्हता. इंजिन चालू आहे का बंद, हे बघायला लोक बॉनेटवर हात ठेवायचे. तरी मी होतो तोवर आमच्या शोरूममधून ती एकही गेली नाही. का गेली नाही, ह्याची कारणं कंपनीच्या मुंबईच्या साहेबांनी पडद्यावर तक्ते लावून सांगितली होती. पेट्रोल म्हणे, रस्ते म्हणे, हप्ते म्हणे. काय बोलायचं! मी त्या गाडीशेजारी सहा महिने टाय लावून उभा होतो. मला विचारा की.

कंपनीचं नाव सांगत नाही. सांगायची गरजही नाही, तुमच्या दारात नाहीतर तुमच्या मेव्हण्याच्या दारात तिची लहान गाडी उभी असेलच. नव्वदच्या दशकात कोल्हापुरात पगारदार माणसानं पहिली गाडी घेतली ती बहुतेक हीच. मास्तर, कारकून, विम्याचे एजंट, नवीन दवाखाना टाकलेले डॉक्टर. पेढ्यांचा पुडा घेऊन बायकोपोरांसकट यायचे आणि गाडी नेताना बाई हमखास डोळे पुसायची. आमचं शोरूम पुणे-बंगळूर रस्त्याला लागून होतं. मागं वर्कशॉप, पुढं काचेचा हॉल.

मी आधी मागं होतो. वर्कशॉपच्या काउंटरला. गिऱ्हाईक म्हणणार, गाडी कुरकुर करते, मी लिहून घेणार. चार वर्षं तेच केलं. पेठ वडगावच्या जवळचं आमचं खेडं, घर बौद्ध, वडील प्राथमिक शाळेत मास्तर. त्यांना आम्ही दादा म्हणतो. घरात कॉमर्सचा ग्रॅज्युएट मी पहिलाच. काउंटरला असताना मालकांच्या लक्षात आलं, की लोक नवीन गाडी बघायला आले तरी आधी मागं येऊन मला विचारतात, कुठली घेऊ? मालकांनी मला पुढं आणलं. ते मी विसरत नाही. दुसऱ्या कुणी आणलं नसतं, हेही खरं.

पण पुढं आणताना माझं कार्ड छापलं, त्यावर नुसतं पहिलं नाव. बाकी चौघा सेल्समनची आडनावं होती. एकाचं तर इतकं लांब होतं, की छापताना अक्षरं बारीक करावी लागली होती. मी विचारलं तर मालक म्हणाले, ''अरे, सुटसुटीत दिसतं. गिऱ्हाईकाच्या लक्षात राहतंय.'' त्यांचा आवाज गोड होता. मी समजायचं ते समजलो आणि गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो. घरी दादांनी कार्ड हातात घेतलं, चष्मा वर केला, उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, ''ह्यात जागा राहिलीय की.'' एवढंच बोलले आणि कार्ड परत दिलं.

आमच्या कोल्हापुरात माणसाला ओळखायचे प्रश्न ठरलेले आहेत. ''पावणं, कुठलं तुम्ही?'' हा पहिला. ''आडनाव काय?'' हा दुसरा. ह्या दोन प्रश्नांत तुमची अख्खी कुंडली निघते आणि मग चहा मागवायचा का नाही, हे ठरतं. मी दुसरा प्रश्न चुकवायला शिकलो. ''नावानंच हाक मारा की साहेब, तुमच्या मुलासारखाच आहे मी,'' असं म्हणायचो. अहाहा, काय वाक्य! माणसं खूश व्हायची. मला मात्र ते वाक्य आठवलं, की आजही कानशिलं गरम होतात.

दोन हजार साल उलटून गेल्यावर एका दसऱ्याच्या आधी ती मोठी गाडी आली. लांब डिक्की, आत चामड्याच्या सीटा, मागच्या माणसाला पाय पसरून बसता येईल एवढी जागा. किंमत ऐकून आमचा शिपाईच खाली बसला. बाकीच्या चौघांनी हात झटकले. त्यांना माहीत होतं, तेवढ्या वेळात वीस लहान गाड्या जातात. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ''ही तुझ्याकडं. गुढीपाडव्यापर्यंत एक जरी घालवलीस, तर मोठ्या गाड्यांचं सगळं खातं तुझं. केबिन देतो. न्हाय तर बाबा परत काउंटरला जावं लागंल, पुढं एवढी माणसं ठेवून मला परवडत न्हाय.''

मी लगेच हो म्हणालो. मनात एकच होतं. एक गाडी घालवायची, केबिन घ्यायची आणि केबिनच्या दारावर पूर्ण नाव लावून घ्यायचं. आडनावासकट. तेव्हा मालकांना सुटसुटीत म्हणता येणार नव्हतं. ह्या एका गोष्टीसाठी मी त्या गाडीच्या मागं लागलो, कमिशनसाठी नाही.

पहिले आले ते एका साखर कारखान्याचे चेअरमन. त्यांचा ड्रायव्हर, दोन कार्यकर्ते, एक फोन धरणारा. चेअरमन मागं बसले, हात पसरले, मान टेकली. ''झ्याक हाय,'' म्हणाले. मग ते उतरले, चालत पुढं आले आणि जाळीवरचा लोगो बघून थबकले.

''ही तुमचीच की रं.''

''आमचीच साहेब.''

''आमच्या शेतकी खात्याच्या कारकुनानं गेल्या महिन्यात गाडी घेतली. ती बी हीच?''

''ती लहान साहेब. ही वेगळी.''

''नाव तेच की,'' ते म्हणाले. ''म्हंजे सर्व्हिसिंगला तो आन मी एकाच बाकड्यावर बसायचं व्हय?''

कार्यकर्ते हसले. मीही हसलो, धंदा होता. पण तेच खरं कारण होतं, आणि ते मुंबईच्या तक्त्यात कुठंच नव्हतं. मोठी गाडी माणूस आरामासाठी घेत नाही. आराम पाहिजे असता तर घरी पलंगावर झोपला असता. मोठी गाडी घेतो ती कारकुनापासून लांब जायला. आणि आम्ही त्याला कारकुनाच्याच दुकानात बोलावत होतो.

दुसरे एक डॉक्टर आले. राजारामपुरीत मोठं हॉस्पिटल. त्यांना तसला गर्व नव्हता. गाडी चालवली, ''सुंदर आहे हो,'' म्हणाले. मग म्हणाले, ''पण तीन वर्षांनी विकायला काढली तर घेणार कोण? लोक नाव बघतात.'' मी म्हटलं, ''साहेब, तुम्हाला आवडली ना?'' ''मला आवडली. लोकांना नाही आवडणार.'' असे डझनभर आले. प्रत्येकाला गाडी आवडत होती आणि प्रत्येकाची खात्री होती, की ती दुसऱ्या कुणाला आवडणार नाही. मग ते दुसरे यायचे आणि तेच म्हणायचे. ''नाव मोठं, लक्षण खोटं'' असं आपण म्हणतो. इथं लक्षण मोठं होतं आणि नाव लोकांनीच लहान करून ठेवलं होतं.

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई सुरू झाली आणि मला एक अक्कल सुचली. अक्कल माझीच, दुसऱ्यावर ढकलत नाही. मी मालकांना म्हटलं, ''डेमो गाडी मोठ्या घरच्या लग्नाला देऊ या. नवरदेव त्यातनं उतरला, की हजार-दोन हजार माणसं बघतील. लोकांच्या डोळ्यात एकदा मोठी दिसली की झालं.'' मालकांनी टेबलावर थाप मारली. ''लई भारी! कुठं होतास एवढं दिवस?''

पहिलं लग्न एका उद्योगपतीच्या मुलाचं. फुलांचा साज चढवला, नवरदेव उतरला, बँडवाल्यांनी गाडीभोवती फेर धरला. सातजणांनी मला बाजूला घेऊन विचारलं, कितीला? मी त्या रात्री जेवलो नाही, इतका खूश होतो.

पण कोल्हापुरात एखादी वस्तू एकाला फुकट दिली, की ती सगळ्यांची होते. मालकांचा गोतावळा मोठा, स्वभाव भिडस्त. नगरसेवकाचा पुतण्या आला, त्याला दिली. मग तालमीच्या वस्तादांच्या मुलाला दिली. ज्यांच्या जागेत आमच्या गाड्या उभ्या राहायच्या, त्यांच्या भाच्याला दिली. मग ''त्यांना दिलीसा, आम्हाला न्हाय व्हय?'' म्हणत लोक लग्नपत्रिकेच्या आधी गाडी ठरवायला यायला लागले. इथं गाडी मागायला आलेल्याला नाही म्हटलं, तर तो तीन पिढ्या लक्षात ठेवतो. मालक कुणालाच नाही म्हणाले नाहीत. माघ संपेपर्यंत ती गाडी कोल्हापूर जिल्ह्यातल्या निम्म्या वराती करून आली होती. एसीच्या जाळीत अक्षता अडकलेल्या, पिवळट सीटांवर हळदीचे हात, बॉनेटवर चिकटपट्टीचे डाग. एसी लावला, की झेंडूचा वास यायचा. मी बुधवारी ती धुऊन घ्यायचो, गुरुवारी ती परत कुणाच्या तरी दारात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नेमकं तेव्हाच माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. वडगावातच, हॉलमध्ये. मी मालकांकडे गेलो. मागायला मला संकोच वाटला नाही, का वाटावा? मालकांच्या न्हाव्याच्या साडूलासुद्धा गाडी गेली होती. म्हटलं, ''मालक, रविवारी बहिणीचं लग्न हाय. गाडी नेऊ?''

मालक टेबलावरचं पेन हातात घेऊन फिरवायला लागले.

''तुझी भन म्हंजे माझ्या घरातलीच. काय लागलं तर सांग. पर ही गाडी नको न्हेऊस.''

''का?''

''आरं, फोटो निघत्यात. कुठल्या लग्नात कुठली गाडी हुती, हे लोक बघत्यात. मोठ्या गाडीचं सगळं नावावर असतंय बघ. त्यापेक्षा लहान न्हे, दोन न्हे. डिझेल-पेट्रोल माझं.''

ते वाईट माणूस नव्हते. हे मी अजून म्हणतो. त्यांनी मला शिवी दिली असती, तर मी तिथंच उत्तर दिलं असतं. पण त्यांनी समजावून सांगितलं, आणि समजावून सांगणाऱ्यापुढं माझी जीभ नेहमी टाळ्याला चिकटायची. मी मान हलवून बाहेर आलो. लहान गाडी मात्र नेली नाही. एकही नेली नाही.

बहीण मामाच्या जीपमधून हॉलवर आली. पांढरी साडी, चेहरा हसरा, तिला गाडीचं काही पडलं नव्हतं. त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले, लोक जेवायला बसले. दादा वाढप बघत होते. ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, ''तुझी ती मोठी गाडी येणार हुती ना?''

मला खोटं सांगता आलं असतं. बिघडली म्हणून. नाही सांगितलं.

''मालक नको म्हणाले.''

''का?''

''तुम्हाला ठाऊक हाय की दादा.''

आयुष्यभर पोरांना अ आ इ शिकवलेला माणूस, चिडला तरी आवाज चढत नाही. ''मग तू तिथं काय करतोस?'' असं त्यांनी विचारलं आणि पंगतीत जिलबी फिरवायला गेले.

तो प्रश्न मला पुढं आठवडाभर खात होता. तरी मी कामावर जात होतो, कारण पाडवा जवळ आला होता आणि केबिनची आशा सुटत नव्हती. मला खरंच वाटत होतं, की एक गाडी गेली तर सगळं सरळ होईल. माणूस आशेपुढं किती मूर्ख होतो बघा.

पाडव्याच्या आधी पाच दिवस शिरोलीचे एक फौंड्रीवाले आले, लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना होता त्यांचा. स्वतःच्या हिमतीवर वर आलेला माणूस. बोटात सोन्याच्या तीन अंगठ्या आणि नखांत काळी लोखंडाची भुकटी. बोलणं रोखठोक. त्यांनी ड्रायव्हरला बाजूला केलं, स्वतः स्टिअरिंगला बसले, मला शेजारी घेतलं आणि किणीपर्यंत गाडी अशी काही पळवली, की मी सीट धरून बसलो. परत येताना गाणं गुणगुणत होते. शोरूमच्या दारात उतरले आणि मालकांना ओरडून म्हणाले, ''नाद खुळा गाडी हाय तुमची! घेतली!''

मालक केबिनमधून पळत आले. मला काय झालं ते शब्दांत सांगता येत नाही. दारावर नाव कसल्या अक्षरात लावायचं इथपर्यंत माझं मन पोचलं.

''पर एक,'' फौंड्रीवाले म्हणाले. त्यांनी हॉलमधल्या नव्या कोऱ्या गाडीला एक फेरी मारली. ''ही फुडची निशाणी काढायची. मागची बी. चाकांवरची बी. नाव-गाव काय ठेवायचं न्हाय.''

''का हो साहेब?'' मी विचारलं.

''का म्हंजे? माझ्या मेव्हण्याच्या पोराची वरात ह्याच गाडीतनं निघाली. मी फुडं नाचत हुतो. म्हैन्यानं माझ्या क्लार्कच्या भावाची वरात, गाडी हीच. उद्या मी नवी कोरी घेऊन फौंड्रीवर गेलो, तरी गेटवरचा वॉचमन इचारणार, मालक, नवरदेव कुठाय?'' आम्ही सगळेच हसलो, खोटं कशाला बोलू. माझ्याच अकलेचं फळ होतं ते. ''निशाणी नसली, की लोक इचारतील, कुठली वो ही? मी सांगणार, बाहेरनं मागवलीय. मग बघू कोण काय म्हणतंय.''

''काढतो की! पाच मिनिटांचं काम!'' मालक म्हणाले आणि त्यांनी मागं आवाज दिला.

वर्कशॉपमधून मेकॅनिक आला. हातात केस वाळवायचं मशीन आणि नायलॉनचा दोरा. लोगो चिकटवलेला असतो, गरम हवा मारून डिंक सैल करायचा आणि मागून दोरा करवतीसारखा ओढायचा, म्हणजे पत्र्याला ओरखडा येत नाही. मेकॅनिकनं मशीन धरलं आणि दोऱ्याची दोन टोकं माझ्या हातात दिली. मी ओढायला लागलो. लोगोची एक कड सुटली. मालक फौंड्रीवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ''नाव नसलं, की गाडी सुटसुटीत दिसती बघा.''

माझे हात थांबले. मी काही ठरवलं नव्हतं. आधी हात थांबले, मग डोकं पोचलं. हा शब्द मी ऐकला होता, माझ्याबद्दल ऐकला होता, आणि आता त्याच तोंडानं, तेवढ्याच गोड आवाजात तो गाडीला लावला होता. आणि दोरा माझ्या हातात होता. तिच्यायला, म्हटलं, हे काम मीच करायचं?

मी दोरा काढून घेतला आणि सुटलेली कड अंगठ्यानं दाबून परत बसवली.

''न्हाय काढायचं,'' म्हटलं.

''काय म्हणालास?'' मालक.

मी मालकांकडे बघितलं नाही. फौंड्रीवाल्यांना म्हटलं, ''साहेब, तुम्ही ही गाडी किणीपर्यंत चालवली. गाणं म्हणत आलात. तेव्हा नाव आडवं आलं का? इंजिन हिचं, सीटा हिच्या, पळाली ही. आता हिचं नाव खरवडून घरात घ्यायची आणि जो विचारंल त्याला खोटं सांगत बसायचं. हिनं चोरी केलीय काय? हिला आईबाप न्हाईत काय? घ्यायची तर नावासकट घ्या.''

''आन न्हाय घेतली तर?''

''तर नका घेऊ. हिचं काय बिघडत न्हाय. तुमचंच एक चांगलं वाहन चुकंल.''

''आरं, कुणाशी बोलतोयस तू!'' मालकांचा आवाज पहिल्यांदाच फाटला. ''साहेब, पोरगा दमलाय, तुम्ही मनावर घेऊ नका...''

फौंड्रीवाल्यांनी त्यांना हातानं थांबवलं. ते चिडले नव्हते. माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत बघत होते. ''थांबा मालक. ए, तुझं आडनाव काय रं?''

सहा महिन्यांत नव्हे, त्या टायच्या नोकरीत पहिल्यांदाच मी तो प्रश्न चुकवला नाही. मी आडनाव सांगितलं. हळू नाही, हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. चौघे सेल्समन, पलीकडे लहान गाडीचे कागद भरणारं एक जोडपं, दारातला शिपाई, सगळ्यांच्या माना वळल्या. मेकॅनिकनं मशीन बंद केलं.

फौंड्रीवाल्यांनी मान डोलावली. ''तरीच,'' म्हणाले.

''व्हय,'' मी म्हटलं. ''तरीच.''

ते गाडीकडे एकदा बघून निघून गेले. पुढं कळलं, त्यांनी पुण्याहून कुणाची तरी वापरलेली परदेशी गाडी आणली. तिचा कुठलासा भाग मिळेना म्हणून ती फौंड्रीच्या शेडखाली ताडपत्री घालून उभी असते. मला बरं वाटलं. एवढा मोठा मी नाही, की वाटू नये.

मालकांनी मला केबिनमध्ये बसायलाही सांगितलं नाही. ''पाडवा झाला, की काउंटर,'' म्हणाले. ''मी तुझ्यासाठी काय कमी केलं?'' हे ते मनापासून विचारत होते. मी म्हटलं, ''मालक, तुम्ही मला पुढं आणलं, त्याची जाण हाय. पर अर्धाच आणलासा.'' त्यांना ते समजलं का नाही, कुणास ठाऊक. काउंटरचं काम हलकं नव्हतं, मी ते आनंदानं चार वर्षं केलं होतं. पण आता ते शिक्षा म्हणून करायचं नव्हतं. राजीनामा लिहून टेबलावर ठेवला. टाय मात्र घेऊन आलो, माझ्या पैशाची होती.

घरी आल्यावर दादांना सांगितलं. त्यांनी विचारलं, ''मग आता?'' म्हटलं, ''गाड्याच विकणार. दुसरं येतंय काय मला?''

सांगली रस्त्याला, हातकणंगल्याच्या अलीकडं एक मोकळी जागा भाड्यानं घेतली. पत्र्याची शेड, मुरूम टाकलेलं अंगण आणि त्यात तीन जुन्या गाड्या. नव्या गाड्यांची एजन्सी मला कोण देणार होतं? जुन्या गाडीचं एक बरं असतं, तिच्याजवळ लपवायला काही उरलेलं नसतं. बोर्ड रंगवायला जयसिंगपूरचा रंगारी आला. आमच्याच समाजातला, माझ्यापेक्षा वयानं मोठा. त्यानं खडूनं आखून घेतलं आणि मला बाजूला बोलावून हळूच म्हणाला, ''देवाचं नाव टाकू? न्हाय तर आईचं नाव टाक. धंद्याला बरं पडतंय. आडनाव कशाला उगंच?''

तो माझ्या भल्यासाठी बोलत होता. सगळे माझ्या भल्यासाठीच बोलतात. म्हटलं, ''आडनाव टाक आणि पुढं मोटर्स. बाकी काय नको.''

उद्घाटनाला नारळ नाही, फीत नाही. दादांना खुर्ची दिली, चहा सांगितला. दहाच्या सुमाराला जयसिंगपूरकडून एक जोडपं स्कूटरवर आलं. चाळिशीतला माणूस, शाळेत नाहीतर बँकेत असणार. त्याला पांढरी गाडी आवडली. दार उघडून आत बसला, आरसा नीट केला, हॉर्न वाजवून बघितला आणि बायकोकडे बघून हसला. मी चावी दिली. तो एक चक्कर मारून आला आणि उतरताना म्हणाला, ''चांगली ठेवलीय हो गाडी.'' तोवर त्याची बायको बाहेर बोर्डाखाली उभी होती. तिनं त्याला हाक मारली, कानात काहीतरी सांगितलं. त्यानं मान वर करून बोर्ड वाचला. मग चावी माझ्या हातात न देता बॉनेटवर ठेवली. ''जरा पुढं जाऊन येतो,'' म्हणाला. तीनशे पावलांवर दुसरं दुकान होतं. स्कूटर तिथं थांबलेली मला दिसली.

दादांनी सगळं बघितलं होतं. ते चहाचा कप हातात तसाच धरून बसले. मला माहीत होतं ते काय विचार करतायत. पोरगं उपाशी मरंल, हाच. मला रडायला आलं असतं, पण त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं, आणि खरं सांगू, रडण्यापेक्षा राग जास्त आला होता.

रंगारी कोपऱ्यात डबे आवरत होता. मी त्याला हाक मारली. ''जाऊ नकोस. बोर्ड उतरव. अक्षरं लहान पडलीत.''

तो आधी माझ्याकडे बघायला लागला, मग दादांकडे. दादांनी कप खाली ठेवला आणि मान डोलावली.

''त्या बिचाऱ्यांना आत येऊन, गाडी चालवून, मग परत जावं लागलं,'' म्हटलं. ''उगंच त्यांचा बी वेळ गेला आन माझा बी. ज्याला जायचंय त्यानं लांबनंच जावं. ज्याला यायचंय त्यानं वाचून यावं.''

''किती मोठी करू मग?'' त्यानं विचारलं.

मी म्हटलं, ''हातकणंगल्याच्या वळणावरनं वाचता आली पाहिजेत.''